गरम इंजिनावरचं गार पाणी

१

शोभनाकाकूंची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली ती ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या लाल सिग्नलला, मागे शाळेची पिवळी बस उभी असताना. अठ्ठ्याऐंशी सालची तांबूस सेडान, चकचकीत पुसलेली, नाकावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी दोनदा खोकून गप्प झाली.

काकू स्वतः बाजूच्या सीटवर होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे डॉक्टरांनी त्यांना महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे गाडी सुशांत चालवत होता. सुशांत मूळचा नागपूरचा, इथे मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये बॅटरीच्या गाड्यांवर काम करणारा, काकूंच्या, म्हणजे राजाध्यक्षांच्या, शेजारी राहणारा. त्याने गाडी ढकलून कडेला घेतली, बॉनेट, म्हणजे इथल्या भाषेत हुड, उघडलं, हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरचं झाकण काढलं आणि आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं ओली होती. त्याने वास घेतला. पेट्रोलचा वास नव्हता.

मुलगा सरळ. जे दिसलं ते त्याने काचेतून काकूंना सांगून टाकलं, की आत पाणी आहे. थोड्या वेळाने गाडी आपली आपण सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. काकू घरी पोचेपर्यंत बॉनेटकडेच बघत होत्या. दारात वॉकरवर भार टाकून उतरल्या आणि मग म्हणाल्या, "कोणीतरी माझ्या गाडीत पाणी घालतंय. आणि हुड उघडणारा माणूस एकच आहे."

सुशांतने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि तो निघून गेला.

२

दुसऱ्या दिवशी काकूंनी आसावरीला बोलावून घेतलं. आसावरी मूळची कोल्हापूरची. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती काम करायची आणि तिचं काम असं, की वॉरंटीत परत आलेला मोडका पार्ट हातात घ्यायचा आणि तो का मोडला ते सांगायचं. पार्ट मोडला की वापरणारा कंपनीला शिव्या देतो आणि कंपनी वापरणाऱ्याला. आसावरी दोघांचं ऐकून घेते आणि मग तिसरीच गोष्ट सांगते. या कामाचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

हॉलमध्ये शिरताच ती थबकली. दसरा होऊन चार दिवस झाले होते तरी खंडेनवमीची मांडणी तशीच होती, कारण इथे सोनं द्यायला पाहुणे पुढच्या वीकेंडपर्यंत येत राहतात. चौरंगावर नटबोल्टचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, काकूंचा जुना कॅल्क्युलेटर, काकूंचे यजमान एकनाथकाका यांचा लॅपटॉप, आणि मागे झेंडूंनी मढवलेली रुपेरी प्रभावळ. आसावरीने हात जोडले आणि मनात म्हटलं, काका निवृत्त झाल्यापासून कलाकार झालेत.

काकूंनी प्रस्तावना केली नाही. येत्या शनिवारी गाडी शहरातल्या मोटारींच्या संग्रहालयात जायची होती, कायमची. संग्रहालयाची अट एकच. गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने दारातून आत आली पाहिजे. टो ट्रकवरून आलेली गाडी त्यांना नको होती.

"ती टो ट्रकवरून गेली तर मी जाणार नाही," काकू म्हणाल्या. "आणि माझ्याशिवाय ती जाणार नाही."

हा हट्ट कशासाठी, हे आसावरीला ठाऊक होतं. काकू पुण्याहून शिकायला मिशिगनला आल्या तेव्हा वर्गात साडी नेसणाऱ्या त्या एकट्याच. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन येण्याचे ते दिवस. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर देणं महाग होतं, म्हणून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन आलं. हवा जिथून इंजिनात शिरते त्या तोंडावरच एक इंजेक्टर बसवायचा आणि त्याने वरून पेट्रोल शिंपडायचं. किती शिंपडायचं ते कॉम्प्युटर ठरवायचा, आणि त्या कॉम्प्युटरला काय शिकवायचं ते ज्या पाच-सहा जणांनी ठरवलं त्यात काकू होत्या. गोठलेल्या तळ्यांच्या काठाने याच गाडीतून त्या हिवाळेच्या हिवाळे फिरल्या. पुढे कंपनीने ती गाडी विकायला काढली तेव्हा काकूंनी ती घरी आणली.

"तुम्हाला सुशांतचाच संशय का?" आसावरीने विचारलं.

काकूंनी सांगितलं. गणपतीत आरतीनंतर सुशांतने चार लोकांत म्हटलं होतं, की थ्रॉटल बॉडी म्हणजे लग्नात एकाच वाढप्याने चार पंगती वाढणं. जवळच्या पंगतीला दोनदा श्रीखंड आणि टोकाच्या पंगतीला कोशिंबीर. सगळे हसले होते. काकूही हसल्या होत्या, पण ते हसू त्यांच्या घशात अजून अडकलेलं होतं.

"थट्टा करणारा माणूस पाणी घालत नाही, काकू."

"मग पाणी आलं कुठून?" काकूंनी विचारलं.

३

सुशांत तिला त्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये भेटला. डोळे सुजलेले होते. त्याने आधी स्वतःवरचा आरोपच मान्य करून टाकला, म्हणजे थट्टेचा. म्हणाला, त्यात खोटं काही नव्हतं. एका जागी शिंपडलेलं पेट्रोल सगळ्या सिलिंडरना सारखं पोचत नाही. थंडीत ते नळ्यांच्या भिंतींना चिकटून बसतं, ताकद कमी मिळते, पेट्रोल जास्त जातं. म्हणून तर जगाने ती पद्धत सोडली.

"आणि चांगलं काय त्यात?" आसावरीने विचारलं.

यावर तो जरा उजळला. "यार आसावरीताई, ते काकूंनीच दाखवलं ना मला. झाकण काढलं की इंजेक्टर समोर. स्प्रे डोळ्यांनी दिसतो. स्कॅनर नको, काही नको. पार्ट कमी, प्रेशर कमी, स्वस्त, बिघडलं तर ड्राइव्हवेत रिपेअर करता येतं. माझ्या गाडीत काही झालं तर मी फक्त लॅपटॉप कनेक्ट करतो आणि प्रार्थना करतो."

मग आसावरीने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. बंद पडताना काय झालं हे तिला नको होतं, बंद पडण्याआधी काय चाललं होतं ते हवं होतं. सुशांतने आठवून सांगितलं. पहिल्यांदा दसऱ्याच्या सकाळी, पूजा करून देवळात जाताना, वायपर मधूनमधून फिरत होता. दुसऱ्यांदा तळ्याकाठी, धुकं इतकं की दिवे लावावे लागले. तिसऱ्यांदा परवा, भुरभुर पाऊस. तिन्ही वेळा रस्त्यावर गाडी छान पळाली आणि सिग्नलला पाय उचलला की मेली.

"आणि ते पाणी? हात घातलास तेव्हा कसं लागलं?"

सुशांतने बोटांकडे पाहिलं. "गार. तेच विचित्र आहे. इंजिन इतकं तापलेलं की हुडखालून वाफ येत होती, आणि त्याच्या डोक्यावरचा तो थ्रॉटल बॉडीचा तुकडा हाताला फ्रिजमधल्यासारखा."

स्वतःच्या गाडीत बसल्यावर आसावरीने आधी हीटर लावला आणि मग बराच वेळ ती हीटरच्या जाळीकडेच बघत राहिली.

४

संशयित दुसरा, सत्यजित. जुन्या गाड्यांचा शौकीन, इथल्या मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष, आणि काकूंची गाडी गेली नाही तर तिच्या जागी ज्याची लाल गाडी जाणार होती तो. शिवाय दसऱ्याच्या आदल्या दिवशी "माझ्याकडून शुभेच्छा" म्हणून काकूंच्या गाडीची टाकी त्यानेच भरून आणली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला तो नव्हता.

"माझी गाडी जावी असं मला वाटतंच," तो म्हणाला. "मी काय संत आहे? पण पेट्रोल भरलं ते माझ्या गाडीत भरतो त्याच पंपावर. आणि त्यानंतर मी ती चालवलीय ना. शनिवारी दुपारी, छान ऊन होतं, हायवेवर नेली. रविवारी पहाटे कडक फ्रॉस्ट, काचेवरचा बर्फ खरवडायला लागला इतका, तेव्हाही नेली. दोन्ही वेळा एकदम मख्खन. माझ्या हातात गाडी बंद पडत नाही, सुशांतच्या हातात पडते. आता तूच बघ काय ते."

सत्यजितला वाटलं आपण सुशांतच्या गळ्याभोवतीचा फास घट्ट केला. खरं तर त्याने तो सोडवला होता. पेट्रोलमध्ये पाणी असतं तर गाडीने ऊन-पाऊस पाहिला नसता. उन्हात चालते, कोरड्या थंडीत चालते, आणि दमट गारव्यात मात्र मरते. असा हवामान बघून येणारा चोर आसावरीच्या पाहण्यात एकच होता, आणि त्याला हातपाय नव्हते.

पण मग एक अडचण राहत होती. तो चोर काकूंच्या गाडीत शिरूच शकत नव्हता. निदान शिरायला नको होता, कारण काकूंनीच त्याला पस्तीसेक वर्षांपूर्वी दाराबाहेर काढलं होतं.

५

एकनाथकाका गॅरेजमध्ये गाडीच्या आरशाला फडकं मारत होते. काका विमा कंपनीत संख्याशास्त्रज्ञ होते. बोलणं मोजकं, नीटनेटकेपणा अफाट. घरातल्या पिशव्यांच्या पिशवीतसुद्धा पिशव्या घडी घालून ठेवणारा माणूस.

आसावरीने त्यांना विचारलं, गाडी जाते आहे याचं वाईट वाटतं का. काकांनी आरशाचा एक कोपरा पुन्हा पुसला.

"वाटतं तर," ते म्हणाले. "आमच्याकडे मूल नाही, ही आहे. पण हिच्या नावाची पाटी लागणार आहे ना तिथे. शोभनाच्या नावाची. लोक उभे राहून वाचतील."

आसावरीने बॉनेट उघडायला सांगितलं. आतलं इंजिन पाहून ती क्षणभर बघतच राहिली. इतकं जुनं इंजिन इतकं स्वच्छ तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तेलाचा डाग नाही, काजळी नाही, वायरी पुसलेल्या.

"हे कोणी केलं, काका?"

काका लाजले. इतकी वर्षं बायकोने त्यांना बॉनेटला हात लावू दिला नव्हता. यंदा ती गुडघ्यामुळे घरात अडकली, गॅरेजची पायरी तिला उतरवेना. खंडेनवमीला हत्यारं घासून पुसून पूजायची, मग जिने आपल्याला एवढं दिलं ती गाडी कळकट कशी पाठवायची? म्हणून काकांनी आदल्या दिवशी टूथब्रश घेऊन सगळं इंजिन घासलं. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, असं त्यांच्या आईचं म्हणणं.

आसावरीने मोबाइलचा टॉर्च खाली धरला. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या लोखंडावर पत्र्याचं एक गोल तोंड वर बघत होतं. त्याच्या बरोबर वर, एअर क्लीनरच्या सोंडेखाली, दुसरं गोल तोंड खाली बघत होतं. दोन्ही तोंडं रिकामी, आणि मधे हातभर मोकळी जागा.

ती हळूच बॉनेट लावून म्हणाली, "काका, सुशांतला बोलवा. आणि आपण चहा हॉलमध्ये घेऊ या. चौरंगासमोर."

६

काकू आरामखुर्चीत, सुशांत दारापाशी अंग चोरून, काका हातात ट्रे घेऊन. आसावरीने कप उचलला नाही.

"पाणी कोणीही घातलेलं नाही," ती म्हणाली. "पाणी हवेतून आलं. इंजेक्शन द्यायच्या आधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा दंड गार पडतो. स्पिरिट उडताना ऊब घेऊन जातं. थ्रॉटलवर शिंपडलेलं पेट्रोलही उडताना तेच करतं. हवा दमट आणि गार असली की त्या थ्रॉटलच्या, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या, पाकळीवर बर्फ धरतो, इंजिन खाली कितीही तापलेलं असो. गाडी पळत असते तोवर पाकळी उघडी असते, हवा मिळते. सिग्नलला पाय उचलला की पाकळी मिटते, उरलेली फट बर्फाने बुजलेली, इंजिनाचा श्वास कोंडतो. आणि उभं राहिलं की खालच्या उष्णतेने बर्फ वितळतो. झाकण काढणाऱ्याला फक्त गार पाणी सापडतं, आणि गाडी आपोआप सुरू होते."

सुशांत दारातून मान पुढे काढून ऐकत होता. त्याच्या बॅटरीच्या गाड्यांत हे घडूच शकत नव्हतं. नव्या पेट्रोल इंजिनांतही पेट्रोल पार आत, सिलिंडरपाशी पडतं आणि थ्रॉटलमधून जाते ती नुसती हवा.

काकू मात्र ताठ झाल्या. "बर्फाचा विचार माझ्या मनात पहिल्याच दिवशी आला होता. मीच तो हाकलला. माझ्या गाडीत बर्फ धरत नाही. एक्झॉस्टभोवतीची गरम हवा एअर क्लीनरला देणारी नळी आहे तिला. त्या नळीसाठी मी मीटिंगमध्ये भांडलेय."

"जिथे आपण पहारा बसवलाय तिथे चोर शोधायला कोण जातं, काकू? तुम्हाला पायरी उतरवत नव्हती. सत्यजितदादांनी बॉनेट उघडलंच नाही. सुशांतने उघडलं, पण त्याने तसली नळी आयुष्यात पाहिलेली नाही. जे कधी पाहिलंच नाही ते जागेवर नाही हे त्याला कसं कळावं?"

"नळी नाही?" काकूंचा आवाज बारीक झाला. "मग कुठे आहे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आसावरीने चौरंगाकडे बोट केलं. झेंडूच्या माळांआडून चमकत होती ती प्रभावळ, चुण्याचुण्यांची, रुपेरी, कमानीसारखी वाकवलेली.

काकांनी ट्रे खाली ठेवला.

"मला वाटलं कोणा मेकॅनिकने पोळ्या गुंडाळायची फॉइल तिथे खोचून ठेवलीय," काका म्हणाले. "काजळीने काळी झालेली, एका बाजूला सैल. ओढली तर निघाली. लिंबाने घासली तर चांदीसारखी लखलखली. टाकायला जीव होईना. तिच्याच गाडीतली वस्तू, तिच्याच हत्यारांच्या मागे लावू म्हटलं. शोभना, मला ती फार सुंदर दिसली."

आसावरीला वाटलं, आता काकू फुटणार. ज्या बाईने चार लोकांतली थट्टा महिनाभर विसरली नव्हती, ती हे कसं विसरणार?

काकूंनी वॉकर ओढला, उठल्या, एकेक पाऊल टाकत चौरंगापाशी गेल्या. झेंडूची माळ बाजूला केली आणि त्या नळीवरून बोटं फिरवली.

"या नळीला कंपनीत कोणी ढुंकून विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "ब्रोशरमध्ये इंजेक्टरचा फोटो, कॉम्प्युटरचा फोटो. हिचा कधीच नाही. हिची पूजा करणारा तूच पहिला."

मग त्या दाराकडे वळल्या. माफी मागणं हा काकूंचा प्रांत नव्हता, आणि त्या प्रांतात शिरताना त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त त्रास झाला. पण शिरल्या.

"सुशांत, मी तुझ्यावर घेतलेला आळ खोटा होता. मला त्याची लाज वाटते. तू ओली बोटं लपवली असतीस तर सुटला असतास. तू खरं सांगितलंस आणि मी त्याचीच तुला शिक्षा केली."

"जाऊ द्या हो, काकू," सुशांत म्हणाला.

"जाऊ कसं देऊ? आणि तुझी ती पंगतीची थट्टा. ती बरोबर होती. टोकाच्या सिलिंडरला नेहमीच कमी पोचायचं. आम्ही ते बरंच सुधारलं, पण पूर्ण नाही." त्यांनी किल्ली त्याच्यापुढे धरली. "शनिवारी चालवशील?"

७

शनिवारी सकाळी नोव्हायवर धुकं उतरलं होतं आणि त्यातून भुरभुर पाऊस पडत होता. संग्रहालयातून फोन आला, की हवा वाईट आहे, हवं तर आम्ही ट्रक पाठवतो.

"हवा उत्तम आहे," काकूंनी इंग्रजीत उत्तर दिलं आणि फोन ठेवला. "याच हवेत न्यायचीय मला ती."

नळी जागेवर गेली होती. सुशांतने ती दोन्ही तोंडांवर पट्ट्यांनी आवळली होती. पूजेत तिला लावलेलं हळदीकुंकवाचं बोट काकांनी पुसू दिलं नव्हतं. पुढे काकू आणि सुशांत, मागे काका आणि आसावरी, आणि पाठोपाठ सत्यजितची लाल गाडी. सत्यजितचं म्हणणं असं, की हरायचंच असेल तर जवळून बघून हरावं.

हायवेवरून उतरल्यावर पहिला सिग्नल लाल. सुशांतने पाय उचलला. गाडीतल्या चौघांनी श्वास रोखून धरला. इंजिनाचा आवाज एकदा किंचित खाली गेला, आणि मग ते शांत, सारख्या लयीत चालत राहिलं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. त्या ऐकत होत्या. सिग्नल हिरवा झाला तरी सुशांत निघाला नाही, तोही ऐकत होता. मागून सत्यजितने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे सगळे हसले.

गाडी संग्रहालयाच्या मोठ्या दारातून स्वतःच्या चाकांवर आत गेली. तिथल्या बाई पाटीचा मजकूर घेऊन आल्या. त्यात सोपी, स्वस्त, दुरुस्तीला सुलभ, अशी सगळी कौतुकं होती. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि पेन मागितलं. एका जागी पेट्रोल शिंपडल्याने सगळ्या सिलिंडरना ते सारखं मिळत नसे, हे लिहिलं. दमट थंडीत बर्फ धरायचा, हेही लिहिलं.

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, स्वतःच्या कामातले दोष कोणी पाटीवर लिहून घेत नाही.

"दोष लिहिले नाहीत तर त्यावर आम्ही काय केलं ते लोकांना कसं कळणार?" काकू म्हणाल्या. "हुड उघडाच ठेवा. आणि ती रुपेरी नळी दिसली पाहिजे."

बाईंनी वाकून पाहिलं. नळीवर पिवळा आणि लाल असे दोन ठिपके होते. हे पुसायचं का, त्यांनी विचारलं.

काकूंनी मागे उभ्या असलेल्या काकांचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचा हात स्वतःहून त्या बॉनेटच्या काठावर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती आमच्या घरची सही आहे."